भुताला घरातलं माणूस करायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचा एक दिग्दर्शक, वय पस्तिशीच्या आत. आजवर चार भय-लघुपट आणि एक भयमालिका केली, सगळी जुन्या वाड्यांमधली. आता मुंबईच्या एका निर्मात्याने त्याला दूरदर्शनच्या काळातली एक गाजलेली घरगुती विनोदी मालिका नव्याने करायला दिली आहे. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहावी अशी ती हवी, आणि कथेतलं कुटुंब पुण्यातून नागपुरात आणायचं. करारामुळे मालिकेचं नाव त्याला सांगता येत नाही. तो विचारतो, "भीतीशिवाय मला काही येत नाही. रॉब झॉम्बीसारखा भयपटांत मुरलेला माणूस 'द मन्स्टर्स' या राक्षस-कुटुंबाच्या जुन्या विनोदी मालिकेवर चित्रपट करायला गेला, तर लोकांनी नाकं मुरडली. मी हे काम घ्यावं का?"

घ्या. बिनधास्त घ्या. फक्त तुम्ही ज्याला अडचण समजून राहिले ती अडचण नाही, आणि खरी अडचण तुमच्या पत्रात आलेलीच नाही. भीतीवाल्याला विनोद जमणार नाही असं तुम्हाला वाटतं. विनोद जमेल. वेळ लागेल तो घर जमायला.

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांच्या मंचावर सुरुवात केली, मग काही वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत काढली, आणि गेली अठरा वर्षं नागपूरच्या धंतोलीत संकलनाच्या टेबलावर बसतो. भुताचं काम आणि हसण्याचं काम, दोन्ही हाताखालून गेलंय. म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

तुम्ही पाठवलेला नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याचा लघुपट दोनदा पाहिला. त्यात सून रात्री पाणी घ्यायला उठते तो प्रसंग चांगला साधलाय. ती स्वयंपाकघरात जाते, कॅमेरा तिच्यामागे न जाता दारातच थांबतो, आपल्याला फक्त माठ आणि त्यावरचं झाकण दिसतं. झाकण ठेवल्याचा आवाज येतो. सून मात्र बाहेर येत नाही. तुम्ही ती रिकामी चौकट चांगली सहा-सात सेकंद धरून ठेवली, आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. हे ज्याला येतं त्याला विनोदाची वेळही साधते, कारण दोन्हीकडे प्रेक्षकाला काय कळलंय आणि काय कळायचं राहिलंय याचाच हिशेब असतो.

पण त्या अख्ख्या लघुपटात मला एक गोष्ट सापडली नाही. त्या वाड्यात कुणी राहतं असं एकदाही वाटलं नाही. ओट्यावर उष्टा कप नाही, दोरीवर टॉवेल नाही, कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणा नाहीत. भयपटाला ते चालतं, कारण तिथे घरच वैरी असतं. दार आपोआप लागतं, जिना करकरतो, माळ्यावर कुणीतरी चालतं. तिथून माणसं एकेक करून कमी होतात. घरगुती मालिकेत उलटं असतं. बाहेर काहीही झालं, मालकाने काढून टाकलं, शेजाऱ्याशी भांडण झालं, लग्न मोडलं, तरी घर कुणाला इजा करत नाही. शेवटच्या मिनिटाला तीच माणसं, तितकीच्या तितकी, त्याच जागी जेवायला बसतात. प्रेक्षक त्या खात्रीवर टीव्ही लावतो. तुमच्या हाताला इतकी वर्षं ही खात्री मोडायची सवय लागली आहे, आणि आता तीच जपायची आहे. सगळी मेहनत इथे आहे.

असा पालट एका भयपटवाल्याने फार पूर्वी करून दाखवलाय, आणि नुसता करून दाखवला नाही तर पुढच्या सगळ्यांसाठी वाट घालून दिली. त्याचं नाव कार्ल फ्रॉइंड. जर्मन मूकपटांतला मोठा छायालेखक. १९२० चा 'गोलेम' त्याने चित्रित केला, १९२७ चा 'मेट्रोपोलिस'ही. अमेरिकेत गेल्यावर १९३१ च्या 'ड्रॅक्युला'चं छायालेखन त्याचं, आणि १९३२ चा 'द ममी' तर त्याने स्वतः दिग्दर्शित केला. सावलीचा त्याच्याइतका अभ्यास फार थोड्यांचा असेल. हाच माणूस १९५१ मध्ये 'आय लव्ह ल्युसी' या विनोदी मालिकेचा छायालेखक झाला. समोर खरे प्रेक्षक बसलेले आणि तीन फिल्म कॅमेरे एकाच वेळी सुरू. नेहमीसारखे प्रत्येक कोनासाठी दिवे हलवायला वेळ कुठे? त्याने दिवे वर टांगले, जमीन मोकळी ठेवली आणि सगळ्या घरावर एकसारखा उजेड पाडला, म्हणजे नट कुठेही वळला, कुठेही पडला, कुठल्याही कॅमेऱ्यात चेहरा उघडा दिसावा. पुढे कित्येक दशकं टीव्हीवरची घरं याच पद्धतीने उजळली गेली.

मी हे नव्या मुलांना आवर्जून सांगतो. ज्याने वटवाघळाच्या किल्ल्यात अंधार भरला, त्यानेच दिवाणखान्यातला अंधार काढला. त्याला स्वतःची विद्या टाकून द्यावी लागली नाही. सावली कुठे पडते हे ज्याला नेमकं कळतं, त्यालाच ती नेमकी उचलता येते. तुम्हीही एवढंच करा. आजवर सावली घालत होता, आता तिच्या जागा शोधून एकेक करून काढा. भिंतीचा कोपरा, जिन्याखालची जागा, पात्राच्या पाठीमागचं उघडं दार. तुमच्या चौकटीत पाठीमागची रिकामी जागा म्हणजे धोका. इथे त्या जागेत कुणीतरी काहीतरी करत असू द्या: काकू लसूण सोलतेय, पोरगा सायकलची साखळी बसवतोय. बस, धोका गेला.

आता 'द मन्स्टर्स'कडे येतो, कारण तुमची धास्ती तिथून आली आहे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९६४ ते १९६६ या दोन हंगामांत अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ७० भाग झाले, कृष्णधवल. कुटुंब असं: बाप हर्मन हा फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासारखा, आई लिली आणि आजोबा पिशाच्चांच्या कुळातले, मुलगा एडी लांडगा-मानव, आणि भाची मॅरिलिन अगदी चारचौघींसारखी सुंदर मुलगी. पत्ता, १३१३ मॉकिंगबर्ड लेन. सगळी गंमत अशी की हे लोक स्वतःला सर्वसाधारण समजतात. कामावर जाणारा बाप, पोराच्या शाळेची काळजी, लग्नाळू भाची. त्यांना मॅरिलिनचीच दया येते, बिचारी रूपाने कमी पडली म्हणून. शेजारी किंचाळत पळतात आणि हर्मनला कळत नाही की लोक पळून काऊन राहिले.

यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. ही मालिका भयपटवाल्यांनी केली नव्हती. जो कॉनेली आणि बॉब मोशर हे निर्माते त्याआधी 'लीव्ह इट टू बीव्हर' करत होते, अमेरिकेतल्या नीटनेटक्या, सभ्य कुटुंबाची अगदी ठरलेल्या साच्यातली मालिका. मालिका बनवणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओकडे १९३१ पासूनच्या राक्षसांचे चेहरे हक्कासकट होते, म्हणून ते चौकोनी डोकं आणि मानेतले खिळे वापरता आले. थोडक्यात, घर बांधणाऱ्यांनी घर बांधलं आणि मग त्यात राक्षस राहायला आणले.

रॉब झॉम्बी आला तो उलट्या दिशेने. २००३ पासूनचे त्याचे चित्रपट रक्तबंबाळ, प्रौढांसाठीचेच. पण 'द मन्स्टर्स'वर त्याचा जीव लहानपणापासून. तो रॉक गायकही आहे, आणि १९९८ च्या त्याच्या गाजलेल्या 'ड्रॅग्युला' गाण्याचं नाव त्याच मालिकेतल्या आजोबांच्या गाडीवरून घेतलेलं. २०२२ मध्ये त्याला हा चित्रपट मिळाला तेव्हा त्याने रक्त नाही, शिवी नाही, मुलांनी आईबापांबरोबर पाहावा असा, भडक हिरव्या-जांभळ्या रंगांचा चित्रपट केला. म्हणजे तुम्हाला ज्याची धास्ती आहे ते त्याच्या हातून झालंच नाही. भीती आडवी आली नाही. विनोद प्रत्येकाला रुचला नाही हे खरं, पण नटांनी जीव ओतला आहे आणि प्रेम दिसतं.

मग फसलं कुठे? माझं मत सांगतो, ते संकलकाचं मत आहे. त्याने हर्मन आणि लिलीच्या लग्नाआधीची गोष्ट निवडली. ती बहुतेक ट्रान्सिल्व्हेनियात घडते, आणि तिथे सगळेच राक्षस. सगळेच तसे असल्यावर दचकणार कोण? शेजारी नाहीत, मॅरिलिन नाही, एडी नाही. मॉकिंगबर्ड लेनचं घर त्याने हंगेरीत अगदी मन लावून पुन्हा उभारलं होतं, पण कथा त्या घरात पोहोचते ती अगदी शेवटी. पावणेदोन तासांच्या चित्रपटात मला दोन राक्षसांचं प्रेम दिसलं, पण सकाळच्या नाश्त्याला बसलेलं कुटुंब दिसायला शेवट गाठावा लागला. मूळ मालिका ज्या एका यंत्रावर चालत होती, आत सगळं सर्वसाधारण आणि बाहेरचं जग घाबरलेलं, ते यंत्र सुरूच झालं नाही.

त्याच्या दहा वर्षं आधी, २०१२ मध्ये, एनबीसी वाहिनीने याच कुटुंबावर 'मॉकिंगबर्ड लेन' नावाचा एक भाग केला होता. तो जास्त काळोखा, जास्त खराखुरा. एकदाच दाखवला गेला, मालिका झालीच नाही. एकाने भीती वाढवली, दुसऱ्याने काढून टाकली. दोघांच्या हातून निसटलं ते घर.

म्हणून तुमच्या मूळ मालिकेचे जितके भाग मिळतील तितके बसून पाहा, आणि विनोदांची यादी करू नका. ते विनोद आज निम्मे चालणार नाहीत. यंत्र शोधा. घरात कोण काय मानतं, बाहेर काय मानलं जातं, आणि दोन्ही कुठल्या उंबरठ्यावर एकमेकांना भिडतात. ते एका वाक्यात लिहिता आलं की बाकी सगळं बदलायची तुम्हाला मोकळीक आहे: शहर, काळ, धंदा, मुलांची संख्या. ते हाती लागलं नाही तर जुन्या नटांसारखे दिसणारे नट आणि जुन्या शीर्षकगीताची चाल, एवढंच काय ते उरेल. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण जुन्या गोष्टीवर प्रेम असणाऱ्यांच्या हातूनच ही चूक जास्त होते. वस्तू सगळ्या जमतात, आणि राहणारी माणसं तेवढी हरवतात.

आता झाडीपट्टीतला एक अनुभव सांगतो. माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी तो आहे. दिवाळीनंतर वडसा भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटे खाली येतो. माणसं बैलगाडीने, ट्रॅक्टरने, घोंगड्या घेऊन येतात. एकाच नाटकात रडणं, लावणी, खून, थट्टा, सगळं लागतं. मी तेव्हा विशीत होतो आणि एका नाटकात मेलेल्या सावकाराचं भूत करत होतो. अंगभर राख, डोळ्यांभोवती काजळ, हातात कंदील. भूत विंगेतून यायचं नाही, प्रेक्षकांच्या मागून यायचं, असं दिग्दर्शकाने ठरवलं. रात्रीचे दोन वाजले असतील. दिवे घालवले, ढोलकी थांबली, मी मागून हळूहळू निघालो. माणसं बाजूला सरकून राहिली होती, एक पोरगं रडायला लागलं. सगळं मनासारखं चाललं होतं. आणि पोत्यावर बसलेली एक म्हातारी माझ्या कंदिलाकडे पाहून म्हणाली, "अरे बापू, इकडून जाय, तिकडं खड्डा हाय."

मंडपाच्या खांबासाठी खणलेला खड्डा होता, माझ्यापासून दोन पावलांवर. मी वळसा घातला. आसपासची शंभरेक माणसं खळाळून हसली, रडणारं पोरगंही हसलं. पण मी मंचावर चढलो तेव्हा मंडप पुन्हा चिडीचूप झाला, आणि सावकाराच्या भुताने मुलाची माफी मागितली तिथे बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. आधीच्या दहा प्रयोगांत त्या जागी असं झालं नव्हतं.

त्या रात्री मला ते नीट उमगलं नाही, फार नंतर उमगलं. त्या आजीने भुताला घरातलं माणूस करून टाकलं होतं. ती घाबरली नव्हती असं नाही, कंदिलाच्या उजेडात मी तिचा चेहरा पाहिला होता. पण भुताचा पाय मुरगळू नये एवढी काळजी तिच्या तोंडून निघून गेली. ज्याला आपण भ्यायचं त्याची काळजी वाटणं, ही कुटुंबाने बसून पाहायच्या गोष्टीची सगळ्यात घट्ट गाठ आहे. हर्मन मन्स्टर लोकांना का आवडला? तो पडेल, रुसेल, त्याला वाईट वाटेल, याची आपल्याला काळजी लागते. आपल्याकडे १९९५ च्या 'हम पाँच'मध्ये वारलेली पहिली बायको भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याला सुनावायची, प्रिया तेंडुलकरांनी ते काम केलं होतं. घरात चक्क एक मेलेलं माणूस बोलतंय, आणि एकाही प्रेक्षकाने ते भूत म्हणून पाहिलं नाही. ती घरातलीच होती, फक्त भिंतीवर राहायची.

तुमच्या मालिकेत भूत आहे की नाही मला माहीत नाही. पण ज्याची घराला धास्ती असते असं एखादं पात्र प्रत्येक घरगुती मालिकेत असतंच: तापट आजोबा, भाडं मागणारा मालक, गावाहून येणारी आत्या. ते तुमच्या हातात सोन्यासारखं निघेल. त्याचं आगमन तुम्ही भुतासारखं करा, चपलांचा आवाज, दाराची कडी, सगळ्यांचे चेहरे. आणि मग कुणीतरी त्याला खड्डा दाखवू द्या.

आता थोडं टेबलावरचं. काही वर्षांपूर्वी एक दिग्दर्शक माझ्याकडे घरगुती विनोदी लघुपट घेऊन आला, तोही मूळचा भयपटवालाच. जेवणाचा प्रसंग होता. सासरे, सून, दोन मुलं, आणि मुलगा नोकरी गेल्याचं लपवतोय. संवाद चांगले, नट चांगले. पहिला कट पाहताना आम्ही चौघं होतो, कुणीही हसलं नाही. सगळ्यांना वाटत होतं की आता कुणीतरी मरणार. चित्र तासभर उलटसुलट केलं, काही फरक नाही. मग मी चित्र बंद करून नुसता आवाज ऐकला. त्याने सवयीने खाली एक घुमारा टाकला होता, पंख्याचा आवाज खोल करून, इतका बारीक की कानाला कळत नाही पण पोटाला कळतो. आणि बाकी सगळं स्वच्छ, एकही आवाज नाही. भांड्याचा नाही, रस्त्याचा नाही.

घुमारा काढला. जागच्या जागी कुकरची शिट्टी टाकली. खिडकीबाहेर भंगारवाल्याची हाक, शेजारच्या घरात टीव्हीवर क्रिकेट, आणि ताटात वाटी सरकवल्याचा खरखराट. एकही चौकट बदलली नाही. पुन्हा लावलं तेव्हा मुलगा "ऑफिसात आज खूप काम होतं" म्हणतो त्या जागी शिट्टी झाली आणि चौघेही हसलो. घर कानांनी आधी कळतं. तुम्ही शांततेचे कारागीर आहात, पण चालत्या घरात शांतता नसते. ती ज्या क्षणी पडेल, त्या क्षणी सगळ्यांनी वळून पाहावं, एवढी ती जपून ठेवा. दर भागात एकदा वापरली तरी पुरे.

कापण्याबद्दल एवढंच की धक्क्याच्या जागी तुम्ही जोराने कापता, आणि ती सवय इथे नडेल. हशा बोलणाऱ्याच्या तोंडावर येत नाही, ऐकणाऱ्याच्या तोंडावर येतो. दोघांना एकाच चौकटीत ठेवा, कमरेपासून वर, आणि हात आवरा. बहुतेक ठिकाणी कापायची गरजच पडणार नाही. आणि मागे रेकॉर्ड केलेला हशा घालू नका, निर्माता कितीही मागे लागला तरी. मूळ 'मन्स्टर्स'मध्ये तो होता, त्या काळची रीत होती. आज तो हशा ऐकला की प्रेक्षकाला आपल्याला ढोसल्यासारखं वाटतं.

लिखाणात एक नियम पाळा. भयपटात जे घडतं ते परत फिरत नाही. मेलेला मेला, फुटलेलं फुटलं. मालिकेत दर भागाला घर पुन्हा लागलं पाहिजे. म्हणून मोडतोड कितीही करा, पण कोण काय परत जागेवर ठेवतं हे लिहिल्याशिवाय भाग संपवू नका. समजा आजीची बरणी फुटली. तिच्या जागी नवी आणून ठेवणारा जो असेल त्याच्यावर प्रेक्षकाचं प्रेम बसतं, आणि नवीचं झाकण जुन्यासारखं बसत नाही यात पुढच्या भागाचा विनोद तयार असतो.

"मुलांना किती भीती चालेल?" हा तुमचा उपप्रश्न होता. त्याचं उत्तर मुंबईत कशाला शोधता, ते आपल्या नागपूरच्या इतवारीत मिळतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या अवाढव्य पुतळ्याच्या मिरवणुकीत जाऊन उभे राहा, पण मारबतीकडे पाठ करा आणि पोरांचे चेहरे पाहा. बापाच्या खांद्यावर बसलेलं तीन-चार वर्षांचं पोरगं. काळी मारबत येते, बटबटीत डोळे, लालभडक जीभ, घरापेक्षा उंच. पोरगं आधी बापाचे केस घट्ट धरतं. मग आसपासचे सगळे ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि तेही ओरडायला लागतं. मारबत पुढे सरकते, पोरगं मान वळवून तिला दिसेनाशी होईपर्यंत पाहतं. आपल्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना भीती अशीच दाखवली गेली: बापाच्या खांद्यावरून, भर दिवसा, गर्दीत, आणि तिला ओरडून उत्तर देता येईल अशी. तुमच्या मालिकेत मुलाला भीती दाखवायची वेळ आली तर त्याच्या हाताशी धरायला केस असू द्या. एकट्या मुलाला अंधाऱ्या खोलीत पाठवायचं नाही, एवढी रेघ आखून घ्या.

भाषेबद्दल मात्र कळकळीने सांगतो. पुण्याचं कुटुंब नागपुरात आणताना निर्माता म्हणेल, "नागपुरी बोली टाका, हसू येतं." हे ऐकू नका. इतकी वर्षं आपली बोली पडद्यावर नोकराच्या नाहीतर गुंडाच्या तोंडी देऊन तिच्यावर हसवलं गेलंय. या घरात ती सगळ्यांची असू द्या. वडील रागावताना "काऊन बे" म्हणतील, आई डॉक्टरांशी बोलताना प्रमाण मराठी बोलेल आणि फोन ठेवल्याबरोबर "काय सांगून राहिला तो" म्हणेल. शेजारच्या घरातून हिंदी येईलच, कारण या शहरात ती येतेच. विनोद माणसाच्या अडचणीतून काढा. "जाऊन राहिलो" या शब्दांवर हसण्यासारखं काहीही नाही, आपण जन्मभर तसंच बोललोय.

कागदपत्रांचं पटकन. हक्क नुसते वाहिनीकडून घेऊन भागत नाही, मूळ लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा करार वकिलाला दाखवा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतात. वयाचा शिक्का लिहितानाच ठरवा, यूए ७+ (सात वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या देखरेखीत पाहावं असा शिक्का) च्या आत राहणं हे तुमचं लक्ष्य. घरात बालकलाकार आहेत, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी काढावी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती हवीच, आणि मुलाच्या मानधनातला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. वेळापत्रक मुलांभोवती लावा, मोठ्यांना थांबवता येतं. चित्रीकरण मे महिन्यात ठेवू नका. कूलर सुरू असला तर संवाद मिळत नाही, बंद केला तर नटाचा चेहरा दहा मिनिटं टिकत नाही.

घराबद्दल एक काम पहिल्या दिवसाच्या आधी करा. जो वाडा ठरवाल तिथे सगळ्या नटांना दोन दिवस आधी राहायला बोलवा. कॅमेरा नको, वाचन नको. आजी करणाऱ्या बाईंना सकाळचे पोहे त्या ओट्यावर करू द्या, तर्री कुणीतरी बाहेरून आणेल. नातू करणाऱ्या पोराला जिन्यावरून दहा वेळा उतरू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आजीला हाक मारून विचारा, मीठ कुठे आहे? त्यांनी न पाहता मागे हात नेला आणि बरणी हातात आली, की चित्रीकरणाची तारीख पक्की करा.